मुक्तिबोध : आडनाव की टोपणनाव?

भिलाईहून रेल्वेनं नागपूरकडे निघालं की दुर्गनंतर राजनांदगाव येतं. तिथल्या दिग्विजय महाविद्यालयात १९५८ पासून गजानन माधव मुक्तिबोध शिकवत होते. हिंदीतले एवढे मोठे कवी! पण ‘मुक्तिबोध’ हे त्यांचं टोपणनाव आहे, असंच पुष्कळांना वाटतं. निराला, अज्ञेय यांच्या रांगेत ते नाव शोभतंही. प्रत्यक्षात ते सरळ घरचं आडनाव आहे, आणि घर मराठी.

याचा पुरावा लांब नाही. त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत लिहायचे. ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या ग्रंथासाठी त्यांना १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. दोन भाऊ, दोन भाषा, आडनाव एकच. टोपणनाव असं वाटून घेता येत नाही.

मग हे आलं कुठून? हे घराणं मूळचं कुलकर्णी. कवीचे पणजोबा वासुदेव जळगाव सोडून ग्वाल्हेर संस्थानात गेले, असं सांगतात. आडनावाची कथा त्याहून जुनी. खिलजींच्या काळात एका पूर्वजानं ‘मुग्धबोध’ किंवा ‘मुक्तबोध’ नावाचा अध्यात्मग्रंथ लिहिला, आणि पुढे घराणं त्या ग्रंथाच्या नावानं ओळखलं जाऊ लागलं.

ही कथा मी परंपरा म्हणूनच सांगतो. पण एक गंमत बघा. ‘मुग्धबोध’ नावाचं एक प्रसिद्ध संस्कृत व्याकरण आहे, बोपदेवाचं. बोपदेव देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या आश्रयाला होता. त्याच देवगिरीवर १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी चालून आला. म्हणजे काळ जवळचा, नावही तेच. तरी दोन्ही ग्रंथ एक मानू नयेत. एक व्याकरण, दुसरं अध्यात्म. एवढंच म्हणता येईल, की असं नाव त्या काळाला परकं नव्हतं.

अर्थ मात्र बदलत गेला. मुग्ध म्हणजे भोळा, अजाण. मुग्धबोध म्हणजे अजाणाला समजेल असं ज्ञान. मुक्तिबोध म्हणजे मोक्षाची जाण. एका अक्षरानं विद्यार्थ्याचा थेट मुमुक्षू झाला!

आपली आडनावं बहुधा गावावरून येतात, नाहीतर हुद्द्यावरून. कुलकर्णी म्हणजे गावचा हिशेब ठेवणारा. इथे दप्तराचं नाव मागे पडलं आणि पोथीचं टिकलं. असं मला तरी क्वचितच दिसलंय.

आता लिहिण्याबद्दल. मराठीत सुटा शब्द ‘मुक्ती’ दीर्घ, पण समासात तो ऱ्हस्व होतो : मुक्तिबोध. हिंदीत तो दोन्हीकडे ऱ्हस्वच. त्यामुळे दोन्ही भाषांत हे आडनाव अगदी एकसारखंच लिहितात. आपल्या मंडळांच्या फलकांवर मात्र ‘मुक्तीबोध’ दिसतं. पुढच्या कार्यक्रमाचा फलक रंगवायला देताना तेवढं बघा.