धरणाकाठची शाळा, धरणाकाठच्या शाळेशी
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटे दिली आहेत आणि विषय दिला आहे, 'शाळेसाठी आपण काय करू शकतो?' सकाळपासून या विषयावर बरेच बोलून झाले. कमान उभारू या, कमानीवर बॅचचे नाव कोरू या, असाही ठराव पुढे आला. कमानीला माझा विरोध नाही. पण कमानीखालून जायला मुले लागतात. आपल्या वेळी कॅम्प भरलेला होता. धरणावरचे, पॉवर हाऊसवरचे, कालव्यावरचे सगळ्यांची पोरे याच शाळेत. एका बाकावर चौघे बसायचो आणि पाचवा आला की कडेचा पडायचा. आज क्वार्टर ओस पडली आहेत, आणि ज्याला परवडते तो मुलांना व्हॅनमध्ये बसवून जिंतूरला पाठवतो. त्यामुळे इथल्या शाळेत असे काही हवे, जे जिंतूरच्या शाळेत नाही. ते काय, एवढेच मी सांगणार आहे.

'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही आपली म्हण. ती कुठून आली हे विचारा, दहा जण दहा गोष्टी सांगतील. मी मात्र आज ती शब्दशः घेणार आहे.

मी एकतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवले. शेवटच्या काही वर्षांत आमच्या शाळेचा जर्मनीतल्या एका गावच्या शाळेशी संबंध आला. तसे हे नवीन नाही. १९८८ साली न्यूयॉर्क राज्यातल्या आणि मॉस्कोच्या शाळा संगणकाने जोडल्या गेल्या. शीतयुद्ध अजून संपलेले नव्हते. त्यातून आयअर्न नावाचे शाळांचे जाळे उभे राहिले. पुढे १९९५ पासून ग्लोब कार्यक्रमात जगभरची मुले आपापल्या शाळेतला पाऊस नि तापमान मोजून एका ठिकाणी कळवू लागली. भारत त्यात २००० साली आला. आणि आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण तर सगळ्यांना ठाऊक आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलरपैकी निम्मे त्यांनी उरलेल्या नऊ स्पर्धकांना वाटून टाकले, ही बातमी पेपरात पहिल्या पानावर होती. पण भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाईन अशा एकमेकांशी न बोलणाऱ्या देशांची मुले बोलती करण्याचा त्यांचा उपक्रम होता, तो आपण वाचला नाही. परितेवाडीही जिल्हा परिषदेचीच शाळा, हे विसरू नका.

आमचे काम त्यामानाने फारच लहान. पहिली अडचण घड्याळाची. हिवाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. आपली घंटा साडेदहाला होते तेव्हा तिथे पहाटेचे सहा. म्हणून दुपारी दोनची वेळ ठरली. भाषेची अडचण वाटली होती तेवढी आली नाही, दोन्हीकडच्या पोरांचे इंग्रजी सारखेच मोडके होते. पहिल्या बैठकीत नमस्कार, गाणी, लेझीम, त्यांचा नाताळ, आपली दिवाळी. छान झाले. माझ्या मते बहुतेक शाळांची अशी मैत्री इथेच संपते. फोटो निघतो, फलकावर लागतो, पुढच्या वर्षी उन्हाने पिवळा पडतो.

आमचे पुढे गेले ते एका प्रश्नामुळे. तिकडच्या एका मुलाने विचारले, "तुमच्याकडे पाणी कुठून येते?" वर्ग एका सुरात म्हणाला, "टँकर!" मार्च महिना होता. मग आमच्या सहावीतल्या एका मुलीने उलट विचारले, "आणि तुमच्याकडे?" पलीकडे शांतता. मग एक जण म्हणाला, "नळातून." ती माझ्याकडे वळून म्हणाली, "सर, नळात कुठून येतं ते कामून सांगत नाहीत?" मी म्हणालो, "त्यालाच विचार." तिने विचारले. त्यांना खरेच माहीत नव्हते. पुढच्या बैठकीपर्यंत ते पाणीपुरवठा केंद्रावर जाऊन आले, जमिनीखालच्या विहिरीचे चित्र काढून घेऊन आले. इकडे आमच्या मुलीने घागरी मोजल्या. पंधरा लिटरची घागर, दिवसाला आठ खेपा, घरात सहा माणसे. भागाकार तिनेच फळ्यावर केला. माणशी वीस लिटर. जलजीवन मिशनचे उद्दिष्ट माणशी पंचावन्न लिटर आहे, आणि जर्मन माणूस घरात दिवसाला साधारण एकशे वीस-पंचवीस लिटर वापरतो. हे तीन आकडे फळ्यावर एकाखाली एक होते. मी त्यावर काही बोललो नाही. त्या मुलीला मात्र त्या दिवसानंतर गणिताच्या तासाला हात वर करताना मी पाहिले, एरवी ती मागच्या बाकावर असायची.

दुसऱ्या वर्षी तिकडून पत्र आले की आम्ही पैसे जमवून वह्या-पेन पाठवतो. मन मोठे होते त्यांचे, यात शंका नाही. पण आम्ही नको म्हणालो. एक बाजू देणारी आणि एक घेणारी झाली की प्रश्न विचारणे थांबते. घेणाऱ्याने फक्त आभार मानायचे असतात. वह्यांऐवजी आम्ही त्यांच्या गावचा पावसाचा तक्ता मागितला. तो आला.

आता येलदरीकडे येतो. जर्मनीत हेसेन राज्यात एडर नावाची नदी आहे. तिच्यावर १९०८ ते १९१४ मध्ये दगडी धरण बांधले. उंची अठ्ठेचाळीस मीटरच्या आसपास. आपले १९६८ साली पूर्ण झालेले येलदरी एकावन्न मीटर. त्यांच्या तलावात मावते सुमारे दोनशे दशलक्ष घनमीटर, आपल्यात ९३४. म्हणजे साडेचारपटीहून जास्त. तेव्हा म्हण निदान पाण्यापुरती उलटी करायला हरकत नाही.

पण मला ते धरण आवडते ते दुसऱ्याच कारणाने. त्याच्या पाण्यात आसेल, बेरिश, ब्रिंगहाउझेन ही गावे गेली. लोक वर जाऊन नव्याने वसले, नावे तीच ठेवली. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी उतरले की जुन्या आसेलचा दगडी पूल वर येतो आणि लोक त्यावरून चालायला जातात. आपल्या वर्गात पुनर्वसित गावांतली किती मुले होती, आठवा. आपल्यातल्या एकाचे आजोबा भिंतीवर उभे राहून पाण्याकडे बोट करायचे आणि म्हणायचे, "त्या तिथं आपलं घर, त्याच्या मागं लिंब." आम्ही पोरे हसायचो, कारण तिथे नुसते पाणी दिसायचे. आसेलच्या आजोबांची आणि त्यांची गाठ पडली असती तर दोघांना दुभाष्याची गरज लागली नसती.

आणखी एक गंमत. एडरचे पाणी मुख्यतः शेतीसाठी नाही. खाली वेझर नदीत आणि कालव्यात जहाजे चालावीत म्हणून ते सोडतात. उन्हाळ्यात तलाव रिकामा होतो, मग काठचे हॉटेलवाले, होडीवाले ओरडतात की पाणी आमचे, आम्हाला राहू द्या. आपल्याकडे पाणी पॉवर हाऊसमधून वीज करून खाली सिद्धेश्वरला जाते, तिथून कालव्याने परभणी, हिंगोली, नांदेडच्या रानात. आवर्तन कधी सोडायचे, पिण्यासाठी किती राखायचे, यावरून होणारी भांडणे तुम्ही घरीच ऐकली आहेत. तिकडे जहाज, इकडे हळद, ऊस नि गहू. भांडणाची चाल तीच. आठवीतल्या मुलांनी हे एकमेकांना समजावून सांगितले तर भूगोल, नागरिकशास्त्र, इंग्रजी तिन्ही विषय एका बैठकीत होतील.

म्हणून माझी सूचना अशी. आपल्या शाळेने एडरकाठच्या एखाद्या शाळेला पत्र लिहावे. पत्र मुलांनी लिहावे, मोठ्यांनी फक्त टपालखर्च द्यावा. देवाणघेवाण तीन गोष्टींची: रोजचा पाऊस, दर सोमवारी धरणाची पातळी, आणि महिन्याला गावातल्या एका म्हाताऱ्या माणसाची गोष्ट. वह्या नकोत, कपडे नकोत, जुने संगणक तर नकोतच. त्यांची मुले इकडे येतील, आपली तिकडे जातील, असली आश्वासने कोणी देऊ नयेत. विमानाचे भाडे आपल्या कमानीच्या अंदाजपत्रकात बसत नाही, आणि मुलांना आशा लावून ठेवणे वाईट. पहिल्या दोन पत्रांना उत्तर नाही आले तर तिसरे लिहावे. तरीही नाही आले तर नोंदी चालू ठेवाव्यात, कारण आपल्या धरणाची पातळी आपल्याच पोरांना माहीत असणे हे जर्मनीच्या उत्तरावर अवलंबून नाही.

मुख्याध्यापक सरांशी मी काल बोललो. ते म्हणाले, "शिक्षक दोन, वर्ग चार, कोण करणार?" प्रश्न रास्त आहे. म्हणून सोमवारची नोंद माजी विद्यार्थ्यांनी वाटून घ्यावी. कॅम्पात आणि जवळपास राहणारे आपण आठ जण आहोत, मी मोजले. बैठकीला मोबाईल धरायलाही कोणी तरी लागेल, इथे दुपारी रेंज जाते आणि गच्चीवर चढावे लागते. पैशांचा प्रश्न लहान आहे. पर्जन्यमापक मी घेऊन आलो आहे, ऑफिसात टेबलावर ठेवला आहे. तो झाडापासून लांब, उघड्यावर बसवायचा असतो. झेंड्याच्या खांबामागची जागा मला बरी वाटते. जेवणानंतर दोघे-तिघे या, पहार आणि थोडे सिमेंट लागेल.