मनाचा लगाम आणि बाळंतिणीचे मौन

(टोकावडे येथे सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व आरोग्य कर्मचारी यांच्यापुढे केलेले भाषण)



घरात बाळ जन्मले की पेढे वाटले जातात, बाळाचे वजन होते, लस टोचली जाते. परंतु बाळ झोपल्यावरही त्याच्या आईचा डोळा का लागत नाही, तिला जेवण का नकोसे झाले आहे, याची विचारपूस क्वचितच होते. कोणी ‘बाहेरची बाधा’ म्हणून भगताकडे धाव घेतो, कोणी तिलाच बोल लावतो. वस्तुतः ही अवस्था आठवडे टिकली, तर तो प्रसूतीनंतरच्या नैराश्याचा आजार असू शकतो.

माळशेज घाट उतरणाऱ्या एस.टी.ला इंजिनाइतकीच ब्रेकची गरज असते. मेंदूचेही तसेच आहे. त्यातील काही रसायने पेशींना चेतवतात, तर काही शांत करतात. शांत करणाऱ्यांत ‘गाबा’ हे प्रमुख होय. त्याचा निरोप स्वीकारणाऱ्या पेशीवरील प्रथिनांना ‘ग्राही’ म्हणतात. गरोदरपणी ॲलोप्रेग्नॅनोलोन नावाचे द्रव्य शरीरात वाढते व या ग्राहींना बळ देते. प्रसूतीनंतर ते एकाएकी घटते. काही स्त्रियांच्या मेंदूला हा बदल पेलवत नसावा, असे शास्त्रज्ञांचे अनुमान आहे.

नैराश्यावरील प्रचलित औषधे मुख्यत्वे सेरोटोनिनसारख्या रसायनांवर कार्य करतात आणि त्यांचा गुण येण्यास काही आठवडे लागतात. गाबाच्या ग्राहींवर कार्य करणाऱ्या ब्रेक्सॅनोलोन या औषधास अमेरिकेत 2019 मध्ये मान्यता मिळाली. ते सुमारे 60 तास शिरेतून द्यावे लागे. 2023 मध्ये झुरॅनोलोन या 14 दिवस घ्यावयाच्या गोळीस मान्यता मिळाली. तिचा गुण काही दिवसांतच दिसू लागतो. मात्र तिने गुंगी येते. इतर तीव्र नैराश्यासाठी मात्र तिला त्याच वर्षी मान्यता नाकारण्यात आली.

तथापि सर्व दुःखाचे मूळ रसायनातच आहे, असे समजू नये. गोव्यातील मातांची एक पाहणी 2002 मध्ये प्रसिद्ध झाली. तीत प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी सुमारे 23 टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले. दारिद्र्य, पतीशी बेबनाव आणि मुलगी झाल्याची नाराजी यांचा त्याच्याशी संबंध दिसून आला. यांवर कोणतीही गोळी नाही. तेथे कुटुंबाने आणि गावानेच बदलावयास हवे.

म्हणून नव्या औषधाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. समुपदेशन आणि प्रचलित औषधे आजही उपयुक्त आहेत. अंगावर पाजणाऱ्या मातेस कोणते औषध द्यावे, हे डॉक्टरच ठरवतील. ते आपल्या मनाने घेऊ वा थांबवू नये. आशाताईंनी प्रत्येक गृहभेटीत बाळाबरोबर आईचीही विचारपूस करावी. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार ती बोलून दाखवील, तर तिला क्षणभरही एकटे न सोडता तत्काळ रुग्णालयात न्यावे. टेलि-मानसच्या 14416 या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. 1901 पासून कार्यरत असलेले ठाण्याचे मनोरुग्णालय आपल्याच जिल्ह्यात आहे. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने असे उपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरविला आहे.

हा हक्क पाड्यापाड्यावरील बाळंतिणीपर्यंत पोहोचविणे आपल्या हाती आहे. तिच्या दारी जाऊन, ‘बाई, तू कशी आहेस?’ एवढे विचारण्यापासून त्याचा प्रारंभ व्हावा, ही विनंती.