भाड्याच्या यंत्राची निगा



रेशन दुकानाची रांग असो, सेतू केंद्र असो, बँकेची शाखा असो की शाळेचे कार्यालय, एक वाक्य आपल्या सर्वांच्या कानी केव्हा ना केव्हा पडतेच : ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ ऐकणारा मुकाट्याने परत फिरतो. त्याची दिवसाची मजुरी बुडते, एस.टी.चे भाडे वाया जाते, आणि पाऊस हुकला म्हणजे आपण जसे नशिबाला बोल लावतो तसा तो इथेही लावतो. परंतु सर्व्हर म्हणजे काही आभाळातला पाऊस नव्हे. ते माणसाने बनवलेले आणि माणसानेच चालवायचे यंत्र आहे. त्याची निगा राखणे हे कुणाचे तरी नेमलेले काम असते. ते काम कोणते, आणि त्यात हयगय झाली तर काय ओढवते, याविषयी आज चार गोष्टी बोलायच्या आहेत.

सर्व्हर म्हणजे मागेल त्याला माहिती पुरवणारा संगणक. आपल्या टेबलावरच्या संगणकाचाच तो भाऊ. फक्त रात्रंदिवस चालणारा. असे हजारो संगणक एकेका मोठ्या इमारतीत मांडणीवर रचून ठेवलेले असतात. तिथे गारवा राखणारी यंत्रे असतात, वीज गेली तर डिझेलवर चालणारी जनित्रे असतात. अशा इमारतीला डेटा सेंटर म्हणतात. नवी मुंबईत अशा कित्येक इमारती आज उभ्या आहेत.

आता मौज पाहा. एका मोठ्या संगणकाची सगळी ताकद एकाच कामाला क्वचितच लागते. जुन्या वाड्यात जशी पाच-सात बिऱ्हाडे नांदत, प्रत्येकाची चूल वेगळी आणि दाराला कुलूप वेगळे, तसे एकाच यंत्रात अनेक ‘संगणक’ नांदवता येतात. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. प्रत्येकाला वाटते की आपणच एकटे या यंत्राचे धनी. ही युक्ती नवी नाही. अमेरिकेतील आय.बी.एम. कंपनीने ती १९६० नंतरच्या दशकात साधली आणि १९७२ साली ‘व्ही.एम. ३७०’ या नावाने बाजारात आणली. साध्या संगणकावर ती १९९९ मध्ये व्ही.एम.वेअर कंपनीने आणली. २००६ मध्ये अ‍ॅमेझॉनने असे संगणक तासाच्या भाड्याने द्यायला सुरुवात केली, आणि २०१६ पासून तिची ही सोय मुंबईतील केंद्रांतूनही मिळते. यालाच क्लाऊड म्हणतात. क्लाऊड म्हणजे ढग खरा. पण या ढगाला जमीन आहे, पत्ता आहे आणि विजेचे बिलही आहे.

आता मुख्य मुद्दा. भाड्याने घेतले म्हणजे काळजी मिटली, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नाही. वाड्याचे छप्पर, भिंती, पाणी ही घरमालकाची जबाबदारी. पण आपल्या खोलीची झाडलोट आणि कुलूप आपल्याकडेच. तसेच इथे आहे. इमारत, वीज आणि खालचे यंत्र कंपनी पाहते. परंतु आपण घेतलेल्या व्हर्च्युअल मशीनमधील मूळ प्रणाली, तिच्यावरचे कार्यक्रम, परवलीचे शब्द हे सारे भाडेकऱ्याने सांभाळायचे. अधिक पैसे मोजून खाणावळीसारखी तयार सेवाही घेता येते. तेव्हा चूल पेटवण्याचे काम कंपनीकडे जाते. मात्र करार कोणता आहे, हे आधी ठाऊक असले पाहिजे.

निगेचा पहिला भाग म्हणजे वेळेवर ठिगळ लावणे. संगणकाचे कार्यक्रम लक्षावधी ओळींचे असतात. त्यांत कुठेतरी उसवलेले राहतेच, आणि चोर नेमके तिथूनच हात घालतो. बनवणारी कंपनी मग दुरुस्ती पाठवते. तिला पॅच म्हणतात. पॅच म्हणजे ठिगळच की! मायक्रोसॉफ्ट कंपनी दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अशा दुरुस्त्या देते. १४ मार्च २०१७ रोजी तिने विंडोजमधील एका मोठ्या भोकासाठी दुरुस्ती दिली. पुष्कळांनी ती लावलीच नाही. १२ मे रोजी, म्हणजे दोन महिने पुरते व्हायच्या आत, ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर कार्यक्रम त्याच भोकातून जगभर शिरला. इंग्लंडमध्ये २३६ सरकारी रुग्णालय-संस्थांपैकी सुमारे ८० संस्थांना त्याची झळ लागली. रुग्णांच्या हजारो भेटी आणि ठरलेल्या शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. ठिगळ फुकट होते, हाताशी होते. ते लावले गेले नव्हते, एवढेच.

शिवाय प्रत्येक प्रणालीला आयुष्य असते. सर्व्हरवर अतिशय रूढ असलेल्या ‘सेंट-ओएस ७’ या प्रणालीला ३० जून २०२४ नंतर नेहमीच्या दुरुस्त्या मिळणे बंद झाले. अशी तारीख आगाऊ जाहीर झालेली असते. ती टिपून ठेवून नव्या प्रणालीवर वेळीच बिऱ्हाड हलवणे हेही निगेतच येते.

मग आलेली प्रत्येक दुरुस्ती डोळे मिटून लावावी काय? नाही, बरं का! १९ जुलै २०२४ चा दिवस आठवा. क्राऊडस्ट्राइक या संरक्षण-कार्यक्रम पुरवणाऱ्या कंपनीने एक सदोष सुधारणा एकदमच जगभर सोडली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख संगणक बंद पडले. आपल्याकडच्या विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले पास द्यावे लागले. कंपनीने चूक सुमारे ऐंशी मिनिटांत मागे घेतली. पण बंद पडलेल्या यंत्रांपैकी पुष्कळांपाशी माणसाने स्वतः जाऊन बसावे लागले, आणि त्यात कित्येक दिवस गेले.

शेतकरी नवे बियाणे आले म्हणून सारे रान एकदम पेरत नाही. आधी एका वाफ्यात लावून पाहतो. हीच रीत इथे. आधी चालू मशीनची हुबेहूब नक्कल उभी करावी. व्हर्च्युअल मशीनची ही मोठी सोय आहे. नकलेवर दुरुस्ती लावून सारी कामे तपासावी. मग खऱ्या मशीनचे त्या क्षणीचे चित्र घेऊन ठेवावे. याला स्नॅपशॉट म्हणतात. बिघडलेच तर त्या क्षणाला परत जाता येते. आणि चार मशीन एकच काम करीत असतील तर एकाला बाजूला घ्यावे, तिघांवर गाडा चालू ठेवावा, मग दुसऱ्याची पाळी. असे केले तर दुरुस्ती झालेली गिऱ्हाइकाला कळतही नाही. एकच मशीन असेल तर थांबण्याची वेळ रात्रीची धरावी आणि ती आगाऊ जाहीर करावी.

तिसरा भाग राखीव प्रतींचा, आणि तो सर्वांत महत्त्वाचा. स्नॅपशॉट म्हणजे राखीव प्रत नव्हे, कारण तो बहुधा त्याच साठवणीवर असतो. घर जळाले तर तोही जळतो. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग शहरात ओ.व्ही.एच. कंपनीचे एक अख्खे डेटा सेंटर आगीत खाक झाले. ज्यांच्या प्रती त्याच आवारात होत्या, त्यांतील कित्येकांची माहिती कायमची गेली.

दुसरी हकीकत आपल्या बंदराशी निगडित आहे. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाच्या विध्वंसक कार्यक्रमाने मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीची यंत्रणा पुसून टाकली. उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या समूहाच्या धक्क्याचेही काम ठप्प झाले. कोण कर्मचारी, कुणाला कोणता अधिकार, याची नोंद ठेवणारे तिचे दीडशेच्या आसपास सर्व्हर जगभर होते आणि प्रत्येक जण दुसऱ्याची प्रत होता. पण एकमेकांशी सतत जुळवून घेणाऱ्या प्रती एकदमच पुसल्या गेल्या. वाचला तो एकच, आफ्रिकेतील घाना देशातला. कारण त्या वेळी तिथली वीज गेली होती! त्या एका यंत्राच्या आधाराने कंपनी पुन्हा उभी राहिली. ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक तिने दहा दिवसांत नव्याने उभारले. ही नशिबाची कृपा झाली, तिला व्यवस्था म्हणता येणार नाही.

व्यवस्थेचा नियम सोपा आहे : प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दूरच्या गावी. शक्य तर एक प्रत जोडणीपासून अलग ठेवावी. आणि प्रतीवरून सारे परत उभे करून पाहण्याचा सराव मधून मधून करावा. घागर भरून ठेवली. पण ती गळकी निघाली, हे ऐन तहानेच्या वेळी कळून काय उपयोग?

शिक्षकबंधू-भगिनींना एक विशेष सांगणे. आपल्या शाळेची, पतसंस्थेची किंवा ग्रामपंचायतीची माहिती कुठल्यातरी सर्व्हरवर असेल, तर तो सांभाळणाऱ्याला चार प्रश्न लेखी विचारा. दुरुस्त्या कोण लावतो? शेवटची केव्हा लावली? राखीव प्रत कुठे आहे? आणि ती परत उतरवून कधी पाहिली होती? ज्याने काम केले आहे त्याला उत्तरे द्यायला पाच मिनिटे पुरतात. खिडकीवरच्या कारकुनावर मात्र रागावू नका. सर्व्हर त्याच्या हाती नसतो. पुष्कळदा तर सर्व्हर ठीकच असतो, आपल्या गावची जोडणी तेवढी तुटलेली असते. नक्की काय बंद आहे आणि केव्हा सुरू होईल, हे फलकावर लिहावे, एवढा आग्रह धरायला हरकत नाही. तेवढ्याने एखाद्या म्हातारीची दुसऱ्या दिवशीची फुकट खेप वाचेल.

आणि विद्यार्थ्यांसाठी : शाळेत बऱ्यापैकी एक संगणक असेल तर त्यावर ‘व्हर्च्युअलबॉक्स’ हा मोफत कार्यक्रम घाला, त्यात लिनक्सचे एक बिऱ्हाड थाटा, आणि मुलांना ते मोडू द्या, दुरुस्त करू द्या, पुन्हा उभारू द्या. नेमून दिलेल्या जागेत राहिले तर आतले बिऱ्हाड कितीही बिघडले तरी मूळ संगणकाला धक्का लागत नाही. ही विद्या शिकायला मोठे शहर लागत नाही. चिकाटी आणि नोंदवही लागते. आज जी मुले हे शिकतील, त्यांच्याच हाती उद्या आपल्या तालुक्याच्या नोंदी असणार आहेत.