जुनी मोटर आणि घरची वीज



आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात, जुन्या सवयीने म्हणायचे तर नगर जिल्ह्यात, यंत्राची आवड असलेली माणसे पुष्कळ. १९७२ साली बाजारात आलेल्या लूनाच्या कायनेटिक कंपनीचा कारखाना नगरचा. क्रॉम्प्टन ग्रीव्हजचा, म्हणजे आताच्या सीजी पॉवरचा, मोटरींचा कारखानाही नगरच्या औद्योगिक वसाहतीतलाच. अशा ठिकाणी लहान वर्कशॉपे असायचीच, आणि त्यांतली जुनी यंत्रे कधी ना कधी भंगारात निघायचीच. बिडाचे दणकट लेथ मशीन वजनावर मिळते आहे म्हटल्यावर एखाद्या हौशी माणसाचा हात खिशात जातो. माझाही गेला. ट्रॉलीत घालून ते घरी आणले, पडवीत बसवले, पुसले, तेल घातले. मग ध्यानात आले, की मोटर आहे थ्री फेजची आणि घरात वीज सिंगल फेजची!

आता सल्ला देणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. जो येई तो म्हणे, "त्यात काय? कंडेन्सर टाका!" हा सल्ला कुठून आला, ते खेड्यातल्या श्रोत्यांना सांगायला नको. २००५ च्या पुढची भारनियमनाची वर्षे आठवा. गावात दिवे तरी राहावेत म्हणून शेतीची थ्री फेज बंद करून सिंगल फेजवर पुरवठा ठेवीत. इकडे पीक सुकत असे. मग विहिरीवरच्या मोटरीला कंडेन्सर लावून ती उरलेल्या दोन तारांवर ओढायची. पाणी निघे, हे खरे. पण कित्येकांच्या मोटरी जळाल्या, डीप्या जळाल्या, आणि वाचवायला गेलेली पाण्याची पाळी दुरुस्तीच्या वाटेवर गेली.

मीही तेच केले. कंडेन्सर लावला, बटण दाबले. मोटर फिरली! पोरांनी टाळ्या पिटल्या. पण लोखंडाला हत्यार लावले मात्र, मोटर गुरगुरली, मंदावली आणि थांबली. दुसऱ्याच क्षणी व्हार्निशचा वास. मेन बंद केला म्हणून निभावले. रिवाइंडिंग करणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावले. त्यांनी मोटरीकडे न पाहता मला विचारले, "पाटी वाचली होती का?"

मंडळी, सगळे मर्म त्या पाटीत आहे.

थ्री फेज म्हणजे काय? यात्रेतला गोल फिरणारा पाळणा घ्या. तीन गडी तीन बाजूंना उभे राहून पाळीपाळीने धक्का देतात, म्हणून तो एका दिशेने सुरेख फिरतो. सिंगल फेज म्हणजे एकच गडी, तोही पुढे ढकलणारा आणि लगेच मागे ओढणारा. पाळणा थरथरतो, पण फिरायचे कुठल्या बाजूला हे त्याला कळत नाही. कंडेन्सर हा त्या गड्याचा जोडीदार. तो थोडा आधी धक्का देतो आणि दिशा दाखवतो. पण तो तिघांचे काम पुरे करत नाही, हे विसरू नका.

आता पाटी. तिच्यावर ४१५ व्होल्ट असते आणि पुढे 'स्टार' किंवा 'डेल्टा'. मोटरीत तीन गुंडाळ्या असतात. स्टारमध्ये तिन्हींची एकेक टोके एकत्र बांधलेली असतात, आणि एका गुंडाळीच्या वाट्याला ४१५ भागिले १.७३, म्हणजे २४० व्होल्ट येतात. आपल्या घरात तरी किती? २३०-२४०! म्हणजे त्या गुंडाळ्या मुळातच घरच्या दाबाच्या आहेत. फक्त जोडणी स्टारची काढून डेल्टाची करायची. मी ती केली नव्हती. त्यामुळे गुंडाळीला जेमतेम १३३ व्होल्ट मिळाले, आणि मोटरीचा जोर दाबाच्या वर्गाने घटतो, म्हणून उरला एक तृतीयांशाहूनही कमी. मग ती थांबेल नाही तर काय?

मोटरीवरची पेटी उघडा. आत सहा खिळे आणि आडवी पट्टी असेल तर ती स्टार. आडवी काढून तीन उभ्या पट्ट्या लावल्या की डेल्टा. तीनच वायरी बाहेर आल्या असतील, तर आतला सांधा सोडून आणखी तीन टोके काढणे हे रिवाइंडिंगवाल्याचे काम. आणि पाटीवरच '४१५ व्होल्ट डेल्टा' असेल, तर घरच्या विजेवर तिच्याकडून पुरा जोर मिळणार नाही. मोठ्या मोटरी बहुधा अशाच असतात. तिथे हट्ट सोडावा.

डेल्टा झाल्यावर एका टोकाला फेज, दुसऱ्याला न्यूट्रल. तिसरे टोक आणि या दोहोंपैकी एक, यांच्यामध्ये कंडेन्सर. मोटर उलटी फिरली तर कंडेन्सर दुसऱ्या टोकाला न्यावा. माप दर किलोवॅटला सुमारे ७० मायक्रोफॅरड. म्हणजे एक हॉर्सपॉवरला ५० च्या आसपास. कंडेन्सर ४४० व्होल्टचा, सतत चालण्याच्या जातीचा हवा. सुरू होताना जोर लागत असेल, तर याच्या दुपटी-तिपटीचा वेगळा स्टार्टिंग कंडेन्सर एक-दोन सेकंदच लावून सोडायचा. इतके करूनही मोटरीकडून पाटीवरच्या दोन तृतीयांश ते पाऊण कामाचीच अपेक्षा ठेवावी.

मिस्त्री म्हणाले, "सुरू झाली म्हणजे चालली असं नव्हे." त्यांनी टाँग टेस्टर काढून तिन्ही वायरींचे अँपिअर मोजले. पाटीवर १.९ अँपिअर असेल तर डेल्टात त्याचे १.७३ पट, म्हणजे ३.३ धरायचे. त्याच्या वर एकही वायर जाता कामा नये. गंमत अशी, की कंडेन्सरवरची मोटर कित्येकदा रिकामी फिरतानाच अधिक तापते. लेथ तर बराच वेळ रिकामेच फिरते. म्हणून आम्ही कंडेन्सर मापाहून थोडा लहान ठेवला.

आणखी एक धोका. वीज मधेच जाते आणि पाच मिनिटांनी येते. तेव्हा मोटर आपोआप सुरू झाली आणि आपला हात चकजवळ असला, तर? किंवा ती न फिरता नुसती गुणगुणत बसली, तर गुंडाळी जाते. म्हणून वीज गेल्यावर आपोआप सुटणारा स्टार्टर लावाच. अर्थिंग पक्के करा. मेन बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये वीज उरते. ती रोधकातून उतरवल्याशिवाय हात लावू नका.

आजकाल याहून चांगला उपाय निघाला आहे. त्याला व्हीएफडी, बोलीत 'ड्राइव्ह', म्हणतात. घरची सिंगल फेज आत घेऊन तो २३० व्होल्टची खरी थ्री फेज बाहेर देतो, मोटर सावकाश उचलतो, वेग हवा तसा ठेवू देतो. मोटर मात्र इथेही डेल्टातच हवी. ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये बटण घालू नये. फार मंद फिरवली तर मोटरीचा पंखाही मंदावतो आणि ती तापते. किंमत कंडेन्सरपेक्षा जास्त, पण दोनदा रिवाइंडिंगचे पैसे मोजून पाहा.

शेवटी एक. हौसेपुरते काम वेगळे आणि गिऱ्हाइकाचे वेगळे. घरगुती दराच्या विजेवर धंदा चालवला, तर २००३ च्या विद्युत कायद्यातील कलम १२६ प्रमाणे त्या वापराची आकारणी दुप्पट दराने होते. धंदा करायचा असेल तर रीतसर जोडणी मागावी, आणि मग ही सारी खटपटही उरत नाही.

माझे लेथ आज चालते आहे. घरच्यांच्या नांगराचे बुश, शेजाऱ्याच्या पंपाचा शाफ्ट, एवढे सावकाश निघते. पण जुने यंत्र घरी आणणाऱ्याला मी आता पहिला प्रश्न तोच विचारतो, "पाटी वाचली का?"