समच्या टेकड्यांकडे जाताना



वाळवंट म्हटले की मुलाच्या डोळ्यांपुढे वाळूचा डोंगर, त्यावरून चाललेला उंट आणि मावळता सूर्य एवढेच उभे राहते. जैसलमेरहून समच्या टेकड्यांकडे मोटारीने निघालेल्या प्रवाशालाही तेवढेच पाहावयाचे असते. वाटेतील सुमारे चाळीस किलोमीटरांत मात्र वाळूच्या टेकड्या फारशा आढळत नाहीत. दिसते ते खडकाळ पठार, खडे-मुरमाची सपाटी, मधूनच एखादे शमीचे झाड (तिकडे त्यास खेजडी म्हणतात) आणि सेवण नावाच्या गवताचे झुपके. या वाटेवर प्रवासी डुलक्या घेतो, आणि पाहण्याजोगे ते नेमके तेथेच मागे राहते.

येथील मरुभूमी राष्ट्रीय उद्यान १९८० साली राखीव झाले. त्याचे क्षेत्र ३,१६२ चौरस किलोमीटर आहे आणि त्यात वाळूच्या टेकड्यांचा भाग सुमारे एकपंचमांश आहे. पाठ्यपुस्तकातील चित्र खोटे नव्हे, पण ते या पंचमांशाचे आहे.

टेकडीची घडण मात्र मुलांना अवश्य दाखवावी. वाऱ्याच्या बाजूचा उतार लांब व सौम्य असतो, आडोशाची बाजू उभी असते. वाऱ्याने उडालेले कण टप्पे घेत माथ्यापर्यंत चढतात आणि पलीकडे घसरतात. अशी कणाकणाने टेकडी पुढे सरकते. कोरड्या वाळूचा उतार साधारणतः ३४ अंशांहून अधिक उभा राहत नाही. शाळेच्या अंगणात टोपलीभर कोरडी वाळू ओतून व कोनमापक लावून हे कोणासही पडताळता येईल. जेथे सेवणाची मुळे वाळू धरून ठेवतात, तेथे हे सरकणे थांबते.

याच गवताळ सपाटीवर माळढोक राहतो. राजस्थानात त्यास गोडावण म्हणतात, व १९८१ पासून तो त्या राज्याचा पक्षी आहे. नर पंधरा किलोपर्यंत भरतो. मादी बहुधा वर्षास एकच अंडे, तेही उघड्या जमिनीवर, घालते. भटक्या कुत्र्यांस ते सहज सापडते. सोलापूरजवळील नान्नजच्या माळावर पूर्वी हा पक्षी दिसे. आता तेथे त्याचे दर्शन जवळजवळ बंद झाले आहे. साऱ्या देशात मोकळ्या रानात दोनशेही माळढोक उरलेले नाहीत, आणि त्यांतील बहुसंख्य जैसलमेर जिल्ह्यात आहेत.

या सपाटीस पडीक समजण्याची चूक फार महागात पडली. कालव्याचे पाणी आले तेथे गवत जाऊन शेते झाली. पुढे पवनचक्क्या व सौरऊर्जेची केंद्रे उभी राहिली आणि माळावर विजेच्या तारा आल्या. माळढोकास समोरचे नीट दिसत नाही आणि जड देहामुळे ऐनवेळी वळताही येत नाही. तो तारांवर आदळून मरतो. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तारा भूमिगत करण्याचा आदेश दिला; मार्च २०२४ मध्ये तो सौम्य करून प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपविला. वीज हवी हेही खरेच. म्हणून हा वाद सोपा नाही. समजूतदार मुलांपुढे तो तसाच मांडावा. समला २०१९ पासून माळढोकाची अंडी उबवून पिले वाढविण्याचे कार्य चालू आहे.

सहलीस एकच दिवस असेल, तर सकाळ गवतासाठी व सायंकाळ वाळूसाठी राखावी. सुदासरीच्या बाजूस जाताना मुलांना मोटारीत शांत बसवावे, दुर्बीण असल्यास सोबत घ्यावी. माळढोक दिसेलच असे नाही; चिंकारा बहुधा दिसतो.