हातास नाडी न लागणे

(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या शाळामास्तराने वैद्यकात तोंड घालावे, हे कित्येकांस रुचणार नाही. परंतु गेली सहा वर्षे आमच्या कुटुंबात एका रोगाने बिऱ्हाड केले आहे. डॉक्टरमंडळींस विचारून आणि पुस्तके चाळून आम्ही जे जमविले, ते ज्ञातीतील घराघरांत पोहोचावे, एवढ्याच हेतूने आम्ही उभे आहोत.

रोगाचे नाव ताकायासूचा धमनीदाह. मिकितो ताकायासू हे जपानातील कानाझावा येथील नेत्रवैद्य. १९०८ साली त्यांनी एका तरुणीच्या डोळ्यांतील रक्तवाहिन्यांची विलक्षण रचना वैद्यांच्या सभेत मांडली. तेव्हा दुसऱ्या वैद्यांनी सांगितले, की अशाच त्यांच्या रोग्यांच्या मनगटास नाडी लागत नव्हती. डोळा कोठे आणि मनगट कोठे! पण दोहोंस रक्त पोहोचते ते महाधमनीच्या शाखांतूनच. शरीराच्या रक्षणासाठी असलेली प्रतिकारशक्ती या रोगात त्याच महाधमनीवर व तिच्या मोठ्या शाखांवर उलटते. कुंपणानेच शेत खाल्ल्याचा प्रकार. धमनीची भिंत सुजते, जाड होते आणि आतील वाट अरुंद होत जाते. हा रोग स्पर्शाने पसरत नाही आणि कोणाच्या पापाचे फळही नव्हे.

याची झळ मुख्यतः तरुण स्त्रियांस, बहुधा चाळिशीच्या आत, लागते. आरंभ अगदी साधा: बारीक ताप, अंग मोडून येणे, वजन घटणे. आमच्या पुतणीस एकोणिसाव्या वर्षी हेच होऊ लागले. कोणी म्हणाले, रक्त कमी आहे. कोणी म्हणाले, परीक्षेची धास्ती. वडीलधाऱ्या बायकांचे मत, लग्न झाले की सुधारेल. टॉनिकाच्या बाटल्या रित्या झाल्या. पुढे वेणी घालताना तिचा डावा हात भरून येऊ लागला. अखेर एका तरुण डॉक्टरांनी दोन्ही हातांचा रक्तदाब घेतला. उजव्यात वरचा आकडा १५०, डाव्यात १०५! निदानाची वाट तेथे सापडली. दोन्ही हातांत दहाहून अधिक फरक वारंवार दिसला, तर डॉक्टरांस कारण विचारावे.

जपानात मान व हात यांच्या धमन्या अधिक बिघडतात. आपल्या देशात पोटातील महाधमनी आणि मूत्रपिंडाच्या धमन्याही बऱ्याचदा आवळतात, म्हणून ऐन विशीत रक्तदाब चढतो. दोन्ही हातांच्या धमन्या अरुंद असतील, तर पट्टा खोटा, कमी आकडा दाखवितो; अशा वेळी पायाचा दाब मोजावा लागतो. रक्ताच्या तपासणीत सूज दिसतेच असे नाही. धमन्यांचे खरे रूप डॉप्लर, सीटी किंवा एमआर अँजिओग्राफी यांतच उमगते.

उपचारात आधी प्रेडनिसोलोन आणि जोडीला मेथोट्रेक्सेट किंवा अॅझाथायोप्रिन. मेथोट्रेक्सेटची मात्रा आठवड्यातून एकदाच असते; रोज घेतल्यास जिवावर बेतते. वार लिहून ठेवावा. प्रेडनिसोलोनने चेहरा सुजल्यासारखा गोल होतो, आणि मग शेजारपाजारचे लोक 'त्या गोळ्या बंद कर' म्हणतात. तो सल्ला घातक आहे. अंगास सवय झालेली ही गोळी एकाएकी सोडता येत नाही. डॉक्टरच ती क्रमाक्रमाने उतरवितात. फुग्याने धमनी रुंद करणे किंवा शस्त्रक्रिया हे उपाय शक्यतो सूज शमल्यावर करतात. केल्यावरही धमनी पुन्हा आवळू शकते.

आता थोडे कटू बोलावयाचे आहे. स्थळ हातचे जाईल या भयाने मुलीचा आजार लपविला जातो. सासरी गोळ्या दिसू नयेत म्हणून ती त्या घेत नाही, किंवा चोरून घेते. मेथोट्रेक्सेट गर्भास अपाय करते. ते गर्भधारणेपूर्वी बंद करून औषध बदलावे लागते. रोग शांत आणि रक्तदाब ताब्यात असेल, तर अशा पुष्कळ स्त्रियांची बाळंतपणे डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुखरूप होतात. पण ज्या घरास काही ठाऊकच नाही, ते देखरेख कसली ठेवणार? आमच्या पुतणीची सर्व कागदपत्रे आम्ही मुलाकडच्यांपुढे ठेवली. दोन स्थळे परतली. तिसऱ्याने फक्त डॉक्टरांचा पत्ता मागितला. गतवर्षी तेथेच विवाह झाला.

कार्यकारी मंडळास विनंती, की उद्याच्या आरोग्य तपासणीत प्रत्येक मुलीचा व सुनेचा रक्तदाब दोन्ही हातांत घ्यावा आणि दोन्ही आकडे चिठ्ठीवर लिहून द्यावेत. टेबलाशी लिहावयास आम्ही बसू.