लेक प्रयोगशाळेत कामाला लागताना
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



हळदीकुंकू आणि गाणी यांच्या मध्ये रक्ताच्या नळ्यांवर बोलायला मला उभे केलेत, याबद्दल कार्यकारिणीच्या धाडसाचे कौतुकच केले पाहिजे. पण त्याला कारण आहे. आपल्या आळीतल्या तीन मुली यंदा प्रयोगशाळा-तंत्रज्ञानाची पदविका घेऊन बाहेर पडल्या. त्यांच्या आयांनी मला जिन्यात गाठून विचारले, "हिची पहिल्या नोकरीसाठी काय तयारी करून घेऊ?" जिन्यात उभ्याउभ्या सांगून संपण्यासारखे ते नव्हते.

हे शिक्षण आता ऐरेगैरे राहिलेले नाही. २०२१ साली संसदेने या व्यवसायांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि पदविकेलासुद्धा निदान २००० तासांचे शिक्षण हवे असे त्यात घातले. तेव्हा रक्त कसे काढायचे, यंत्र कसे चालवायचे, हे मुलींना येते असे धरून चालू. मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. त्यासाठी माझीच फजिती सांगते.

पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मला नोकरीला लागून तिसरा आठवडा चालू होता. सकाळी वॉर्डात जाऊन रक्ते काढायची, आणि घाई तर विचारू नका. म्हणून मी एक शहाणपणा केला. नळ्यांवर आधीच नावे लिहून ठेवली आणि ट्रे घेऊन निघाले. बायकांच्या वॉर्डात त्या दिवशी दोन लक्ष्मीबाई होत्या, आडनावही एकच. खाटेपाशी जाऊन मी विचारले, "तुम्ही लक्ष्मीबाईच ना?" त्या हो म्हणाल्या. दुसऱ्या खाटेवरच्याही हो म्हणाल्या. दोघीही खरेच बोलल्या!

प्रयोगशाळेत परत आल्यावर माझ्या लक्षात आले, की कोणत्या लक्ष्मीबाईंचे रक्त कोणत्या नळीत गेले, हे मला शपथेवर सांगता येणार नाही. त्यांतल्या एकीची दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया होती. तिला रक्त द्यावे लागणार म्हणून गट पाहायचा होता. चुकीच्या गटाचे रक्त शरीरात गेले, तर रक्तपेशी फुटतात, मूत्रपिंडे निकामी होतात, माणूस दगावतोसुद्धा. हे सारे मला पाठ होते; परीक्षेत त्या प्रश्नाला चांगले गुण पडले होते. तरी दहा मिनिटे मी नुसती उभी राहिले. नोकरी कायम झालेली नव्हती, वडील नुकतेच निवृत्त झालेले. आणि दोन्ही नळ्या दिसायला अगदी एकसारख्या. गप्प बसले असते तर त्या दिवशी कोणाला काही कळले नसते.

शेवटी आमच्या वरिष्ठ बाईंना सांगितले. बाई तापट म्हणून प्रसिद्ध. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. दोन्ही नळ्या टाकून दिल्या आणि "चल" म्हणाल्या. खाटेपाशी उभे राहून त्यांनी विचारले, "बाई, आपले पूर्ण नाव काय?" मग वय विचारले, केसपेपरवरचा क्रमांक पाहिला, रक्त काढले आणि तिथेच, रोग्यासमोर, नळीवर नाव लिहिले. दुसऱ्यांदा टोचल्याबद्दल एका लक्ष्मीबाईंनी मला खूप सुनावले. नंतर बाईंची बोलणीही बसली, पण ती नावे आधी लिहिल्याबद्दल. सांगायला आल्याबद्दल नव्हे.

आजारी माणूस, त्यातून कानाने कमी, कशालाही हो म्हणते. नाव आपण सांगायचे नाही, त्यांच्या तोंडून ऐकायचे. आता मनगटावर पट्ट्या आल्या, बारकोड आले. तरी पट्टी चुकीच्या हातात बांधली गेली, तर यंत्र बिचारे काय करणार?

मुली समोर बसल्या आहेत म्हणून आणखी एक सांगते. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून पोटॅशियमचा क्षार असतो. तिच्यातले रक्त लाल टोपणाच्या नळीत ओतले, की पोटॅशियम खोटेच वाढलेले आणि कॅल्शियम खोटेच घटलेले दिसते. मग डॉक्टर नसलेल्या आजारावर औषध देतात. लाल नळीत रक्त कमी पडले की हा मोह होतो. अशा वेळी रोग्याची क्षमा मागून पुन्हा टोचावे.

आता आयांसाठी. काविळीच्या 'बी' प्रकारावरची लस मुलीला आजच सुरू करा. पहिली टोचणी, महिन्याने दुसरी, सहा महिन्यांनी तिसरी. नेमणुकीचे पत्र येईपर्यंत थांबलात तर ती पुरी होणार कधी? आणि वापरलेली सुई तिच्या बोटाला लागली, तर बोट पिळत बसू नये. साबणपाण्याने धुवावे आणि ताबडतोब वरिष्ठांना सांगावे. एचआयव्हीला प्रतिबंध करणारी औषधे जितक्या लवकर सुरू होतील तितकी बरी. ७२ तासांनंतर त्यांचा भरवसा नाही. हे तास मुली वाया घालवतात, याचे कारण बहुधा घरी असते. आई काय म्हणेल, आता लग्न कसे ठरेल! भगिनींनो, हे भय तुम्ही आधीच बोलून काढून टाका. सुई लागण्याच्या आधी.

येत्या शनिवारी दुपारी तिन्ही मुलींना मी मंडळाच्या खोलीत बोलावले आहे. रोगी म्हणून सहा-सात जणी हव्या आहेत. कमी ऐकू येणाऱ्या, उगीच मान डोलावणाऱ्या आणि खेकसणाऱ्या, अशी सगळी सोंगे चालतील; निदान दोघींनी नाव एकच सांगायचे. रक्त कोणाचेही काढणार नाही. चहाची वर्गणी मात्र खजिनदारबाईंकडे आधी द्यावी.